बोटाखालचं नववं कडवं

माझ्या नोकरीचं वर्णन मिरजेत अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. आई शेजारणींना सांगते, "फोनमधली बटणं कुठं बसवायची ते ती ठरवती." हे बरंचसं खरं आहे. मोहालीतल्या एका कंपनीत मी मोबाइल अ‍ॅपचे पडदे आखते. फक्त गेली दोन वर्षं आम्ही बटणं बसवत नाही, घालवतो. बटण दिसलं की पडदा गिचमिड वाटतो, असं आमच्या बिरादरीत मानतात. मग बटणाच्या जागी काय? तर बोटांच्या खुणा. दोन बोटांनी टिचकी मारा, एक बोट दाबून धरा, तीन बोटं खाली ओढा. ह्या खुणा कुठंही लिहिलेल्या नसतात, कारण त्या 'सहज' असतात. सहज म्हणजे, ज्यानं बनवलं त्याला आधीपासून माहीत असलेलं. हा शब्द मी स्वतः इतक्या बैठकांत वापरलाय की आता कुणी उच्चारला तरी मला लाज वाटते. ती लाज कधीपासून वाटायला लागली, ते मला पक्कं आठवतं.

मागच्या हिवाळ्यात माझ्या भावाला मुलगी झाली. त्याच्या दोन वर्षं आधी त्याला एक मुलगा झाला होता. तो वेळेच्या फार आधी आला आणि नऊ दिवस राहिला. तेव्हा बारशाच्या घुगऱ्यांचे हरभरेसुद्धा आणून ठेवले होते, माझं विमानाचं तिकीट काढलेलं होतं. बारसं व्हायच्या आत तो गेला, त्यामुळे त्याला नाव नाही. त्याच्याबद्दल बोलायची वेळ आलीच तर आमच्या घरात 'त्या वेळी' एवढंच म्हणतात आणि चहा टाकायला उठतात. वहिनीसमोर तर तेवढंही म्हणत नाहीत.

तर ही मुलगी. हीसुद्धा थोडी लवकर आलेली, पण खणखणीत रडणारी. डॉक्टरांनी घरी सोडल्यावर बारसं ठरलं, आणि नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. नेमकी त्याच आठवड्यात आमच्या अ‍ॅपची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती, ती बिनबटणांची. मी रजा मागायला साहेबांच्या खोलीत गेले. ते मनानं चांगले आहेत, ऑफिसात सगळ्यांना पिन्नीचे लाडू वाटतात. म्हणाले, "भतीजी का नाम रखना है? बहुत बहुत बधाई जी! वीडियो कॉल पे रख दो, एक ही बात है." एक ही बात नव्हती. पण मी तिथं उभं राहून तसं म्हटलं नाही, मान हलवली आणि जागेवर येऊन बसले. ह्याचा दोष मी साहेबांना देत नाही. भांडायचं होतं तर मी भांडायला हवं होतं.

आमच्याकडे पाळणा आई रचते. दिवसादिवसाचा पाळणा: पहिल्या दिवशी हे झालं, दुसऱ्या दिवशी ते झालं, पाचवी, सटवी, असं करत बाराव्या कडव्यात नाव. चाल एकच, शब्द प्रत्येक बाळाला नवे. गल्लीतल्या निम्म्या पोरांना आईच्या पाळण्यात घातलेलं आहे. ह्या वेळी मात्र ती म्हणाली, "मला काय तिथं पाळण्याजवळ उभी राहून म्हणवणार नाही बाई. मी आधीच फोनमध्ये म्हणून ठेवती. तू त्याला जरा तंबोरा, टाळ लावून दे. नावाचं कडवं तू म्हण, म्हणजे आत्यानंच नाव ठेवलं असं होईल."

मी म्हटलं, "दे पाठवून, दोन मिनिटांचं काम आहे."

आईनं पाठवलं. सलग बारा कडवी, स्वयंपाकघरात उभं राहून म्हटलेली. चौथ्या कडव्यावर कुकरची शिट्टी, सातव्यावर भांडीवाल्या मावशींचा "येऊ का?" आणि आईचं सुरातच "या". पाठोपाठ वहिनीचा फोन आला. मला ती वन्सं म्हणते, पहिल्यांदा चेष्टेत म्हणाली होती ते तसंच राहिलं.

"वन्सं, त्यातलं नववं कडवं तेवढं काढाल का? आईंना म्हणलं असतं, पण त्यांना क्रमानं म्हणल्याशिवाय पुढचं आठवत नाही. आणि त्यांना सांगायचं म्हणजे…"

"काढते की. कळणारसुद्धा नाही कुणाला."

"नक्की ना?"

"अगं, माझं कामच आहे ते."

नऊ ह्या आकड्याचं तिला काय होत असेल ते मला कळलं, किंवा कळलं असं वाटलं. बाकीची कामं बिघडली तरी चालतील, हे एक बिघडता कामा नये, असं मी स्वतःला बजावलं.

ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही चढवायची बंदी, आणि घरचा लॅपटॉप वर्षापूर्वी बंद पडला तो पडलाच. म्हणून फोनवरच एक संगीताचं अ‍ॅप घेतलं. त्याच्या जाहिरातीत एक तरुण मुलगी डोंगरावर बसून एका अंगठ्यानं अख्खा वाद्यवृंद रचत होती. मी चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर, रविवारी दुपारी, डिसेंबरच्या उन्हात चटईवर बसले. इथं हिवाळ्यात ऊन पडलं की सगळा सेक्टर गच्चीवर येतो. मालकीण आंटीजी मटार सोलत होत्या. अंकलजी पेपर वाचत होते. ते जवळच्याच सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, जन्मभर मोजमापाची उपकरणं बनवण्यात गेलेले.

पहिली अडचण, उन्हात पडदा दिसेना. चटई सावलीत ओढली तर बोटं गारठली, आणि गारठलेल्या बोटाला फोन ओळखच देईना. आईचा आवाज पडद्यावर निळ्या पट्टीसारखा पसरला होता. कुकरची शिट्टी त्यात सुळक्यासारखी दिसत होती, म्हणजे शिकार समोर होती. तिच्यावर बोट ठेवलं. अ‍ॅपला वाटलं मला पट्टी उचलायची आहे. त्यानं आईला उचलून दीड कडवं पुढं नेऊन ठेवलं. मागं ओढायला गेले तर पडदाच सरकला. दोनदा टिचकी मारली, पट्टीचे दोन तुकडे झाले. दाबून धरलं, एक यादी उगवली, पण ती नेमकी माझ्या अंगठ्याखाली, आणि अंगठा उचलल्याबरोबर तिच्यातलं जे काही खाली होतं ते निवडलं गेलं. आईचा आवाज उलटा वाजायला लागला. सटवीचं कडवं शेवटाकडून सुरुवातीकडे. आंटीजींनी मटार सोलायचं थांबवलं.

"बेटा, ये कौन सी भाषा है?"

"मराठी ही है आंटीजी. मतलब, थोड़ी देर पहले तक थी."

मला राग आला म्हणजे मी मोठ्यानं बोलते. अर्ध्या तासात मी त्या अ‍ॅपच्या कर्त्याचा जाहीर उद्धार केला, तोही मिरजेच्या भाषेत, त्यामुळे सेक्टरात कुणाला त्रास झाला नाही. पट्टीच्या टोकाला धरायला एक बारीकशी कड असते. ती धरून ओढली तर पट्टी लहान होते, आणि तिच्या केसभर आत धरलं तर पट्टी जागा सोडते. कड दिसते तेव्हा बोट नसतं, आणि बोट ठेवलं की कड दिसत नाही.

अंकलजींनी पेपर घडी केला, खाली गेले आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन वर आले. कापडी म्यानातलं, तेल लावलेलं. आधी त्यांनी माझं बोट काचेवर दाबायला लावून त्याचा ठसा मोजला, मग पडद्यावरची कड मोजली. दोनदा मोजली. मग चष्मा वर सरकवला.

"उँगली ग्यारह मिलीमीटर. पकड़ने की जगह डेढ़. ये किसने पास किया?"

आमच्या अ‍ॅपातली अशीच कड मी पास केली होती. जाड कड दिसायला बरी दिसत नव्हती.

"हमारे यहाँ ऐसा ड्रॉइंग आता ना बेटा," ते म्हणाले, "तो हम बनाने वाले को बुला के कहते, ले भाई, अब तू ही चला के दिखा."

तेच तर चाललं होतं.

मग मी शिकले. चार वाजेपर्यंत शिट्टी गेली, भांडीवाल्या मावशी गेल्या, तंबोरा लागला. टाळ पहिल्यांदा पाव सेकंद उशिरा पडत होते, म्हणजे आई गात्येय आणि मागं कुणीतरी दमलेला माणूस टाळ वाजवतोय. तेही सरळ केलं. बाराव्या कडव्यात आईच्या जागी माझा आवाज भरला. नाव मी तिसऱ्या प्रयत्नात न अडखळता घेतलं, आणि घेताना मला आपण फार मोठं काहीतरी करतोय असं वाटलं. नववं कडवं मी मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. ते कापायला आधी ऐकावं लागणार, आणि ऐकायचं माझ्या जिवावर आलं होतं.

ऐकलं. दोनच ओळी होत्या आणि मग पाळण्याची ओळ.

नवव्या दिवशी मूठ उघडली,
आजीच्या बोटाला घट्ट धरली.

आईच्या नेहमीच्या मानानं साधंच होतं. मी पुढं-मागं दोन टिचक्या मारल्या, मधला तुकडा निवडला, पुसला, तसं दहावं कडवं आपोआप आठव्याला चिकटलं. सांधा ऐकला. इतका बेमालूम बसला होता की मला स्वतःचं कौतुक वाटलं. आंटीजींनी चहाचा कप पुढं केला. तो डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी पडदा चिमटीत धरून लहान करायला गेले. सगळा पाळणा एकदम, पहिल्यापासून बाराव्यापर्यंत, एका नजरेत बघावा एवढीच हौस होती. बोटं आधीच जवळजवळ टेकली, म्हणून चिमटी झालीच नाही, दोन बोटांची टिचकी झाली. दोन बोटांची टिचकी म्हणजे 'शेवटचं केलेलं रद्द करा'. 'रद्द केलं' असं सांगणारी एक करडी पट्टी खाली क्षणभर उगवली, माझ्या अंगठ्याच्या सावलीत, आणि गेली. मला वाटलं चहाची वाफ.

अशी पट्टी किती वेळ दिसावी ह्यावर आमच्या ऑफिसात दोन दुपारी वाद झाला होता. परीक्षण करणारी एक मुलगी जीव तोडून सांगत होती की लोकांना ती दिसत नाही, जास्त वेळ ठेवा. मी म्हणाले होते, "यूज़र को डिस्टर्ब नहीं करना यार." मी जिंकले होते.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, नव्या आवृत्तीत काहीतरी अडलं होतं. पाळणा पुन्हा पहिल्यापासून ऐकायचा राहिला. मी तो तसाच पाठवून दिला, वर वहिनीला लिहिलं, 'झालं काम. निर्धास्त राहा.'

बारशाच्या दिवशी मी ऑफिसातल्या एका रिकाम्या खोलीत दार लावून व्हिडिओ कॉलवर बसले. मिरजेतला फोन कुणीतरी फडताळावर टेकवला होता, त्यातून पंखा, अर्धा पाळणा आणि पुष्कळ जरीचे पदर दिसत होते. मुलगी दिसत नव्हती, तिची एक मूठ मधूनमधून वर यायची. दुसऱ्या फोनवर पाळणा लावला आणि तो मोठ्या स्पीकरला जोडला. आई मागं भिंतीला टेकून उभी होती. बायकांनी पाळण्याला हात लावले. पहिलं कडवं, दुसरं, सटवीचं. टाळ वेळेवर पडत होते. एक मावशी म्हणाल्या, "काय गं सुरेख केलंय पोरीनं!" मी खुर्चीत सैल झाले.

आठवं संपलं. आईनं स्पीकरमध्ये श्वास घेतला आणि म्हणाली, नवव्या दिवशी.

मी ओरडले, "थांबवा! अरे बंद करा ते!" एवढ्याशा फोनमधून माझा आवाज स्पीकरपुढं काय पोचणार? दोघीतिघींना पडद्यावर मी हात हलवताना दिसले, त्यांनीही हसून हात हलवले. भावाच्या मात्र लक्षात आलं. तो पदरांतून वाट काढत फोनकडे धावला आणि घाबरून त्यानं पडद्यावर धडाधड दोन टिचक्या मारल्या. दोन टिचक्या म्हणजे दहा सेकंद मागं. आईनं पुन्हा श्वास घेतला. नवव्या दिवशी.

आता सगळ्यांना कळलं. हसणं थांबलं. कुणी पाळण्यावरचा हात काढला नाही, पण कुणी झोकाही देईना. भावाचं बोट परत वर गेलं, तेव्हा वहिनीचा आवाज आला. ती मला दिसत नव्हती.

"राहू द्या. वाजू द्या."

ते कडवं पूर्ण वाजलं. मग दहावं, अकरावं, आणि बाराव्यात मी तंबोऱ्याच्या साथीनं भाचीचं नाव ठेवलं. मला ते ऐकवत नव्हतं. नाव घेतल्यावर बायकांचा कालवा झाला, कुणीतरी घुगऱ्यांचं पातेलं आणताना फडताळाला धक्का दिला आणि कॉल तुटला. मी परत लावला नाही. बाहेर आले तर टीमनं केक आणला होता, बिनबटणांची आवृत्ती बाहेर पडली होती. साहेब म्हणाले, "नाम रख दिया? देखा, मैंने कहा था ना!" मी केक खाल्ला. त्या वेळी मला माझा इतका संताप आला होता की दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. मी बसस्टॉपवर होते.

"वन्सं, तुम्ही ते काढलं होतं ना?"

मी सगळं सांगितलं. चिमटी, टिचकी, करडी पट्टी, अकरा मिलीमीटर आणि दीड. बोलता बोलता लक्षात आलं की मी बैठकीत बोलते तसंच बोलत्येय, चूक कुणाची नाहीच असं. मी थांबले.

"मी परत ऐकलं नाही गं. ऐकायला पाहिजे होतं. चूक माझी आहे."

मागं मुलगी कुरकुरत होती.

"आईंनी ते मनचं नाही रचलेलं," ती म्हणाली. "त्या शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी काचेच्या पेटीत हात घातला होता, तर त्यानं बोट धरलं त्यांचं. नर्सबाई सोडवायला आल्या तरी सोडेना. मी समोर खुर्चीत बसून बघत होते. आम्ही दोघींनीच बघितलं ते, परत कधी बोललो नाही. आणि आता त्या ओट्यापाशी एकदम तेच म्हणायला लागल्या. मला ऐकवेना, म्हणून काढा म्हणलं तुम्हाला."

"वहिनी…"

"त्याचं कुणी काही केलंच नव्हतं हो. ना पाळणा, ना नाव. आज एवढ्या बायका पाळण्याला हात लावून उभ्या होत्या, आणि त्याचं वाजलं. आई माझ्याकडे बघत होत्या. मग आत जाऊन आम्ही दोघी रडलो, बऱ्यापैकी."

मीही रडत होते. शेजारी उभ्या असलेल्या सरदारजींनी बस आलेली मला हातानं दाखवली आणि मी चढत नाही म्हटल्यावर तेही दुसरीकडे बघू लागले.

"एक काम कराल?" वहिनी म्हणाली. "ते तेवढं कडवं वेगळं काढून पाठवा मला. बाकीचं काही नको. तंबोरापण नको."

पुढच्या रविवारी मी पुन्हा गच्चीत बसले. तंबोरा, टाळ पुसले. आधीची आठ कडवी पुसली, नंतरची तीन पुसली. ह्या वेळी मी प्रत्येक टिचकीनंतर थांबून ऐकत होते. बोटाखाली कड दिसत नव्हतीच, म्हणून कानानं कापलं. डावीकडची कड ओढता ओढता शब्दाच्या अगदी जवळ आले आणि थांबले, कारण शब्दाच्या आधी आईचा श्वास होता. तो ठेवला. पाठवायच्या आधी तीनदा ऐकलं.

एकोणीस सेकंद भरले. त्या मुलाचं आमच्या घरात तेवढंच आहे.